मे महिन्यात आलेला व्हिडिओ गेम गणपतीपर्यंत का टिकला नाही

यंदा पावसाआधी नळे (कौलं) परतायला माणसं येणार होती म्हणून माळा रिकामा करायला घेतला, तर तिथे जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला आमचा व्हिडिओ गेम सापडला. सोबत बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्यात सात कॅसेट, एक बंदूक आणि वायर पिळून पिळून तुटायला आलेले दोन रिमोट. (कॅसेटला कार्ट्रिज म्हणतात आणि रिमोटला कंट्रोलर हे मला डिप्लोमाला गेल्यावर कळलं, आमच्या घरात अजून कॅसेट आणि रिमोटच आहे, इथेही तेच लिहिते.)

मी हा सेट बघून खूप वेळ तिथेच माळ्यावर बसून राहिले. कारण या गेममुळे माझ्या दादाला ओरडा बसला होता आणि तो ओरडा चुकीचा होता असं मला तेव्हापासून वाटत आलंय, पण तेव्हा सिद्ध करता येत नव्हतं. आता येतं. गेली काही वर्षं मी इन्व्हर्टर आणि यूपीएसच्या रिपेअरिंगचं काम करते, घरी मल्टीमीटर आहे, सोल्डरिंग आहे, आणि पावसाळ्यातल्या संध्याकाळीही आहेत. म्हणून हा सेट पूर्ण उघडून बघितला आणि काय काय सापडलं ते नीट लिहून ठेवतेय.

आधी गोष्ट सांगते. १९९६ चा मे महिना. कोकण रेल्वे अजून पूर्ण सुरू झाली नव्हती, काका मुंबईहून रात्रीच्या एसटीने आले आणि आमच्यासाठी हा गेम घेऊन आले. वेंगुर्ल्यातल्या आमच्या वाडीत तो पहिला. अख्खा महिना पडवीत चपलांचा ढीग असायचा, मारिओ, कॉन्ट्रा, टँक, रोड फायटर, आणि लाईफ गेली की पुढच्याला रिमोट द्यायचा असा दादाचा नियम. दादा तेव्हा ११ वर्षांचा, आणि गेमची सगळी जबाबदारी त्याची. खेळून झालं की वायर गुंडाळून, कॅसेट काढून, वर फडकं टाकून ठेवायचा, कोणालाही जोरात बटण दाबू द्यायचा नाही. हे मुद्दाम सांगतेय कारण पुढे महत्त्वाचं आहे.

जून उजाडला, पाऊस लागला, आणि गेम कुरकुर करायला लागला. आधी एखादी कॅसेट दोनदा लावावी लागायची. मग चारदा. मग फुंकणं सुरू झालं, कॅसेट काढायची, खालच्या फटीत जोरात फुंकायचं, परत लावायची. आजी मागच्या दारातून बघायची आणि म्हणायची, "चूल पेटयतास काय रे फुकून फुकून?" श्रावणात तर दहा-दहा मिनिटं नुसतं फुंकणंच चालायचं. आणि गणपतीला काका आले तेव्हा सेट पूर्ण मेलेला. लाल लाईट लागायचा, स्क्रीन नुसती करडी. काका सगळ्यांसमोर दादाला म्हणाले, "चार म्हयने टिकवक जमला नाय तुमका?" पैशाची किंमत नाही, वस्तूची किंमत नाही, वगैरे वगैरे. दादा काहीच बोलला नाही. त्यानंतर त्याने काकांकडे कधी काही मागितलं नाही, अगदी कॉलेजला कॅल्क्युलेटर हवा होता तेव्हासुद्धा नाही.

आता सेटबद्दल. आमचा गेम कुठल्याच नावाचा नव्हता, खोक्यावर भलतंच काहीतरी छापलेलं होतं. पण असे सगळे सेट म्हणजे जपानच्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची नक्कल. फॅमिकॉम जपानमधे जुलै १९८३ मधे आला, मासायुकी उएमुरा यांच्या टीमने तो डिझाईन केला. १९८५ मधे तोच अमेरिकेत एनईएस नावाने, वेगळ्या खोक्यात गेला, आणि दोन्ही मिळून ६ कोटींच्या वर विकले गेले. फॅमिकॉममधे कॅसेट खरी की खोटी ते तपासणारी चिप नव्हतीच, म्हणून आशियाभर त्याच्या नकला आणि नकली कॅसेट इतक्या निघाल्या, आणि म्हणूनच तो आमच्या वाडीपर्यंत पोचला. त्यामुळे नकलेतले अर्धे दोष मूळ डिझाईनमधून आलेत आणि अर्धे स्वस्तात करायच्या नादात वाढलेत. कुठला कुठून आला ते वेगळं काढणं मला गरजेचं वाटतं, कारण "चायनाचा माल, दुसरं काय होणार" एवढं म्हणून विषय संपवला जातो, आणि ते अर्धवट उत्तर आहे.

सेट उलटा केला, चार स्क्रू काढले. स्लॉटच्या, म्हणजे कॅसेट खोचायच्या फटीच्या, झाकणाची स्प्रिंग पहिल्या महिन्यातच गेली होती, म्हणजे ती फट इतकी वर्षं उघडीच, आणि आत कुंभारमाशीने मातीचं घर करून ठेवलेलं. अगदी व्यवस्थित, कॉन्टॅक्टच्या बरोबर वर, बोटभर लांब. ते टूथब्रशने हळूहळू काढलं. मग खाली जे दिसलं ते बघून मला सगळं उत्तर मिळालं. स्लॉटच्या आतल्या पत्र्याच्या पट्ट्यांवर निळसर हिरवी पूड. सुपारीवर मारायला मोरचूद आणतात ना, अगदी तसा रंग. सोन्याचा मुलामा औषधालाही नव्हता, वर कथलाचा पातळ हात दिलेला, तो जिथे जिथे कॅसेट घासून उडाला तिथून आत खारी हवा शिरली आणि आतलं तांबं कळकलं. आमचं घर समुद्रापासून अर्धा किलोमीटरसुद्धा नाही. इथे खिडकीचे गज, सायकलची चेन, शिलाई मशीनची सुई, सगळ्याला गंज चढतो, पितळेची समई आठ दिवसांत काळी पडते म्हणून आजी दर आठवड्याला आमसुलाच्या पाण्याने घासायची. त्या हवेत उघडी फट आणि उघडं तांबं, जून ते सप्टेंबर. तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो इथे, भिंतीतून सुद्धा ओल येते, तिथे त्या पट्ट्या कशा राहणार.

या स्लॉटला ६० पिना असतात. ६० म्हणजे जवळजवळ ६० जागा जिथे एकाने जरी नीट धरलं नाही तर गेम बिघडू शकतो, पॉवर-ग्राउंडच्या एक-दोन सोडल्या तर जास्तीची, आधाराला म्हणून दिलेली पिन जवळजवळ नाहीच. आणि गंमत म्हणजे आम्ही लहानपणी टीव्हीवर जे जे बघायचो त्याचा अर्थ आता पिनेनुसार लागतो. कॅसेटच्या आत मुळात दोन गोष्टी वेगवेगळ्या असतात, एकीत गेमचा प्रोग्राम आणि दुसरीत चित्रं. प्रोग्राम वाचायला मुख्य प्रोसेसरच्या १५ अॅड्रेसच्या (कुठून वाचायचं ते सांगणाऱ्या) आणि ८ डेटाच्या (वाचलेलं आणून देणाऱ्या) लाईन, चित्रं वाचायला ग्राफिक्सच्या चिपच्या १४ अॅड्रेसच्या आणि ८ डेटाच्या लाईन, आणि उरलेल्या पिना पॉवर, ग्राउंड, क्लॉक वगैरे. मग प्रोसेसरच्या बाजूची एक पिन सुटली की प्रोग्रामच चुकीचा वाचला जातो आणि स्क्रीन नुसती एका रंगाची, काहीच नाही. पण चित्राच्या बाजूची पिन सुटली तर गेम चालू, गाणं बरोबर, उडी मारल्याचा आवाज बरोबर, फक्त मारिओच्या जागी आकडे आणि अक्षरांचा कचरा. आम्ही त्याला "आकडे पडले" म्हणायचो. दादा तर आकडे पडलेल्या स्क्रीनवर नुसत्या आवाजाच्या अंदाजाने पहिली स्टेज पार करून दाखवायचा, सगळी वाडी टाळ्या वाजवायची. आमच्या सेटला जूनमधे आकडे पडत होते आणि सप्टेंबरमधे करडी स्क्रीन, म्हणजे आधी चित्राच्या बाजूच्या पिना गेल्या आणि नंतर प्रोसेसरच्या. मी मीटर लावून एकेक पिन तपासली. ६० पैकी १७ पिना कॅसेटला धरतच नव्हत्या, आणि त्यातल्या बहुतेक एकाच टोकाला, जिथे झाकण उघडं राहायचं त्या बाजूला.

आणि फुंकणं. हे मनाला सगळ्यात जास्त लागतं, कारण ते आम्हीच केलं आणि अगदी मन लावून केलं. फुंकल्यावर कॅसेट चालायची ना, मग आम्हाला काय कळणार. पण चालायची ती काढून परत घातल्यामुळे. कॅसेट आत जाताना पट्टीवर घासली की गंजाचा थर जरासा खरवडला जातो आणि तेवढ्यापुरतं धरतं. फुंकलं नसतं तरी चाललं असतं. उलट तोंडातली वाफ आणि थुंकीचे बारीक कण आत जाऊन बसायचे आणि दुसऱ्या दिवशी अजून हिरवं. खुद्द निन्टेन्डोने नंतर आपल्या ग्राहकांना सांगितलं होतं की कॅसेटमधे फुंकू नका, श्वासातल्या ओलाव्याने पिना गंजतात. ते आमच्यापर्यंत कसं येणार. आमच्या खोक्यात तर माहितीचा कागदही नव्हता, असता तरी त्यावर हे लिहिलेलं नसतं.

म्हणजे हा त्रास फक्त नकलेत होता असंही नाही हे इथे सांगायला हवं. अमेरिकेत गेलेल्या एनईएसची कथा तर अजून वाईट. तिकडे १९८३ च्या सुमाराला व्हिडिओ गेमचा धंदा पार बसला होता, दुकानदार गेम म्हटलं की दारातून परत पाठवायचे, म्हणून निन्टेन्डोने सेट व्हीसीआरसारखा दिसेल असा केला. कॅसेट समोरून आत सरकवायची आणि मग खाली दाबायची. त्यासाठी ७२ पिनांचा एक खास स्लॉट केला ज्यात कॅसेट जाताना घासणार नाही, खाली दाबल्यावरच पिना धरणार. कल्पना चांगली वाटते ऐकायला, पण घासत नाही म्हणजे पिना स्वच्छही होत नाहीत, आणि रोज रोज दाबून त्या वाकायच्या. वर त्या सेटमधे खरी-खोटी कॅसेट ओळखणारी चिप होती, ती कॅसेटमधल्या दुसऱ्या चिपशी सतत बोलत राहायची, आणि पिन नीट लागली नाही की संवाद तुटायचा आणि चिप सेकंदाला एकदा याप्रमाणे सेट रीसेट करत राहायची. लाल लाईट उघडमीट, उघडमीट. तिकडची मुलंही फुंकतच होती. १९९३ मधे शेवटी वरून कॅसेट लावायचा साधा सेट काढला आणि ती चिपही काढून टाकली तेव्हा तो त्रास सुटला. आता बघा, मूळ जपानी सेटला वरून कॅसेट, सरळ घासून आत जाणारी, दणकट. दिसण्यासाठी ते बदललं आणि आठ वर्षांनी परत तिथेच आले. मला याचा राग येतो, खरंच येतो, कारण ज्या भागाला रोज हात लागणार तो भाग दिसण्यासाठी बदलायचा नसतो.

कोल्हापूरला माझ्या मामेभावाकडे अगदी असाच सेट होता, त्याच वर्षी घेतलेला, तसंच खोकं. तो २००३ पर्यंत चालला, आणि माझा मामेभाऊ कसा आहे ते आमच्या घरात सगळ्यांना माहितीये, तो कॅसेट भिंतीवर आपटून लावायचा. कोरडी हवा, एवढाच फरक. त्याचा सेट चालतोय हे मी गणपतीच्या त्या दिवशी सुद्धा म्हटलं होतं, पण मी ८ वर्षांची होते, कोण ऐकणार.

दुसरी गोष्ट व्होल्टेजची, आणि ही माझ्या रोजच्या कामाची आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते. तेव्हा आमच्याकडे संध्याकाळी सात ते दहा लाईट डीम असायची. ट्यूब पेटायचीच नाही, पिवळा बल्ब निखाऱ्यासारखा, पंखा गरागरा ऐवजी मोजता येईल असा. आणि नेमकं त्याच वेळी गेम मधेच गोठायचा. मारिओ हवेत उडी मारलेला तसाच लटकून, आणि टीव्हीतून एकच सूर. सगळे म्हणायचे जास्त खेळून गरम झाला. पण सकाळी तीन तास खेळलं तरी काही व्हायचं नाही.

आत बघितलं तर उत्तर सरळ आहे. अॅडॅप्टर म्हणजे नुसता ट्रान्सफॉर्मर, चार डायोड आणि एक कपॅसिटर, बाकी काही नाही. घरात २३० व्होल्ट आले तर तो ९ देतो, घरात कमी आले तर त्याच हिशोबाने कमी देतो. सेटच्या आत ७८०५ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर आहे, तो ९ चे ५ करतो, पण त्याला स्वतःला काम करायला वर साधारण २ व्होल्ट लागतात. म्हणजे ७ च्या खाली आलं की तो ५ धरून ठेवू शकत नाही. आता घरात १७० व्होल्ट असतील तर अॅडॅप्टर साडेसहाच्या आसपास देणार. संपलं. मी हा सेट, स्लॉट बदलून झाल्यावर पण हा रेग्युलेटर काढायच्या आधी, व्हेरिअॅकवर (व्होल्टेज हवा तसा कमी-जास्त करून देणारं यंत्र) लावून बघितला, २३० पासून हळूहळू खाली आणलं. १८० ला चित्रात खालून वर सरकणारे आडवे पट्टे सुरू झाले, अगदी तेच पट्टे जे मला लहानपणचे आठवतात, आणि १७० च्या जरा खाली मारिओ लटकला. माझ्या अंगावर काटा आला तेव्हा. मी परत वर नेलं, रीसेट केलं, चालू. परत खाली, बंद. चार वेळा केलं. आजी सांगायची, "ट्यूब पेटना नाय तर तां पण चलाचा नाय," आणि तिचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं, तिला ७८०५ माहीत नसेल पण तिने बघून ओळखलं होतं.

आणि २३० च्या वर गेलं, म्हणजे रात्री अकरानंतर सगळे झोपले की २५०-२६० व्हायचं, तर उलटा त्रास. जास्तीचं सगळं तो रेग्युलेटर उष्णतेत घालवतो, आणि त्याला गार करायला जी अॅल्युमिनियमची पट्टी दिलीये ती माझ्या करंगळीएवढी आहे. खोक्याला खाली चार भोकं, वर एकही नाही. गरम हवा वर जाते हे कोणाला सांगायची गरज आहे का?

लाईट जाणं हा वेगळाच विषय. या गेममधे आपण कुठपर्यंत पोचलो ते लक्षात ठेवायची सोयच नाही. मूळ डिझाईनमधेच सेटला स्वतःची अशी कायमची मेमरी नाही, कामापुरती २ किलोबाईटची रॅम, ती पॉवर गेली की कोरी. पुढे काही कॅसेटमधे सेलची बॅटरी टाकून सेव्ह द्यायला लागले पण आमच्या नकली कॅसेटमधे कुठली बॅटरी. आषाढात लाईट दिवसातून सहा वेळा जाते, वाऱ्याने माड तारेवर पडला की दोन दोन दिवस. दादा कॉन्ट्राच्या शेवटच्या स्टेजला तीन वेळा पोचला, तिन्ही वेळा लाईट गेली, त्याने तो गेम कधीच पूर्ण केला नाही. जपानमधल्या घरात बसून डिझाईन करणाऱ्या माणसाला हे सुचायला हवं होतं असं मी म्हणणार नाही, १९८३ मधे मेमरी महाग होती. पण आमच्याकडे आल्यावर तो दोष किती मोठा झाला हे कोणीतरी लिहायला हवं.

दुसऱ्या रिमोटबद्दल मला स्वतःला बोलायचंय, कारण मी धाकटी, मला कायम दुसराच. दुसऱ्या रिमोटला स्टार्ट आणि सिलेक्ट नाही. हे नकलेचं नाही, मूळ फॅमिकॉमचंच तसं आहे, तिथे त्या बटणांच्या जागी दुसऱ्या रिमोटवर माईक दिलेला, जो मोजक्याच गेममधे उपयोगी पडायचा. म्हणजे दोघं खेळत असताना धाकट्याला गेम थांबवता यायचाच नाही. आईने हाक मारली, मला जावं लागलं, की दादाला विनंती करायची. मूळ सेटमधे तर दोन्ही रिमोटच्या वायर सेटलाच कायमच्या जोडलेल्या होत्या, आखूड, मीटरभर सुद्धा नाहीत, वायर तुटली तर अख्खा सेट उघडायचा. आमच्या नकलेत रिमोट काढता-घालता यायचे, ९ पिनांचा सॉकेट, लांब वायर. इथे नक्कल मूळापेक्षा सरस होती आणि ते मान्य करायला मला काही वाटत नाही. निन्टेन्डोने हे १९९३ च्या सुधारित फॅमिकॉममधे केलं, दहा वर्षांनी.

बाकीचे दोष पटकन सांगते. कॉन्ट्रात गोळ्या लुकलुकायच्या, आम्हाला वाटायचं टीव्ही खराब, पण ती ग्राफिक्सच्या चिपची मर्यादा, एका आडव्या रेषेवर ८ च्या वर हलती चित्रं ती दाखवूच शकत नाही, म्हणून गेमवाले आलटून पालटून दाखवायचे. आपल्याकडचा टीव्ही पाल पद्धतीचा, सेकंदाला ५० वेळा, आणि गेम बनवलेले जपान-अमेरिकेच्या ६० च्या हिशोबाने, त्यामुळे आमचा मारिओ मूळापेक्षा सहाव्या हिश्श्याने हळू पळायचा आणि गाणंही संथ वाजायचं. यूट्यूबवर पहिल्यांदा मूळ वेग ऐकला तेव्हा कोणीतरी घाई करतंय असं वाटलं, अजूनही मला तो संथ मारिओच खरा वाटतो. आणि ९९९९९९९ इन १ ची कॅसेट, ज्यात खरे गेम वीस-बावीस आणि पुढे तेच परत परत, कधी तिसऱ्या स्टेजपासून, कधी रंग बदलून. ते डिझाईनमधलं चुकणं नाही, ती सरळ फसवणूक आहे.

दुरुस्तीला तीन रविवार लागले. नवीन ६० पिनांचा स्लॉट ऑनलाईन मिळाला, मुलामा दिलेला. जुना काढताना फार जपावं लागतं, बोर्ड स्वस्तातलं, तांब्याच्या रेघा उष्णतेने उचलून येतात. दोन आल्याच, तिथे बारीक वायरने जोड दिला. बोर्डावर चिप म्हणून काही दिसत नाही, नुसता काळा डांबरासारखा थेंब, सगळा सेट त्या एका थेंबाखाली, तो गेला असता तर काहीच करता आलं नसतं. नशीब तो शाबूत होता. कॅसेटच्या कडा आधी खोडरबरने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या, कापूस हिरवा व्हायचा थांबेपर्यंत. ७८०५ काढून त्या जागी छोटा स्विचिंग मॉड्यूल (तेच ५ व्होल्ट, पण फारसा गरम न होता देणारा) टाकला आणि त्याला १२ व्होल्टचा राऊटरचा अॅडॅप्टर लावला, तो ९० पासून २६० पर्यंत कसंही चालतो. वरच्या झाकणाला आतून सहा भोकं पाडली. कॅसेट आता हवाबंद डब्यात, सोबत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या, त्या महिन्यातून एकदा तव्यावर गरम करून घेते.

सगळं बंद करून झाल्यावर पहिली कॅसेट मारिओची लावली. आणि लावताना हात आपोआप तोंडाजवळ गेला. थांबवला. तशीच लावली. चालली.

दादाला व्हिडिओ कॉल केला, तो पुण्याला असतो. त्याला काढलेला जुना स्लॉट कॅमेऱ्यासमोर धरून दाखवला, हिरव्या पट्ट्या, एकेक. तो बराच वेळ बघत होता, मग म्हणाला जवळ घे, अजून जवळ घे. मी त्याला १७ पिनांचं सांगितलं, कोणत्या बाजूच्या ते सांगितलं, व्होल्टेजचं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे फडकं टाकत होतो ते बरोबरच होतं." मी म्हटलं हो, फडकं टाकत नसतास तर जुलैतच गेला असता. मग आम्ही दोघंही काही बोललो नाही.

काकांनाही सांगितलं. ते आता पंचाहत्तरीचे आहेत, निवृत्त होऊन गावालाच असतात, खालच्या घरात. स्लॉट हातात घेऊन, चष्मा वर करून बघितला, नखाने ती पूड खरवडली, वास घेतला. म्हणाले, "मगे तेवा कोणी सांगूक नाय माका." थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, दादा गणपतीला येतोय ना, त्याला म्हणावं माझ्याकडे जेवायला ये. आणि स्लॉट परत दिलाच नाही, कपाटावर ठेवून दिला.

आता बंदूक राहिलीये. ती बदकांच्या गेमची, ट्रिगर दाबला की स्क्रीन क्षणभर काळी होते, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीतला सेन्सर तो उजेड बघतो. हे सगळं जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीच्या वेगावर बांधलेलं, आमच्या भिंतीवरच्या एलईडीवर ती आंधळी आहे, किती नेम धरा. सेन्सर मी तपासला, चांगला आहे. खालच्या वाडीत एका घरी पडवीत २१ इंची जुना टीव्ही झाकून ठेवलेला बघितलाय, चालू आहे की नाही माहीत नाही, पाऊस जरा उघडला की जाऊन विचारणार आहे. दादा यायच्या आधी झालं तर बरं.